दूध तापेपर्यंत: कामाच्या रगाड्यात योग नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

लातूरला आमची मेस आहे. नीट-जेईईची तयारी करणारी पंचेचाळीस पोरं-पोरी दोन वेळा जेवायला येतात, सकाळचे डबे वेगळे. पहाटे साडेचारला गॅस पेटतो आणि रात्री अकराला ओटा पुसून होतो. सहा वर्षांपूर्वी अशाच एका रात्री एक मुलगा ताटात अर्धी भाजी टाकून उठला. मी सगळ्यांदेखत त्याच्यावर इतकी ओरडले की तो तीन दिवस जेवायलाच आला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या मित्राकडून कळलं, टेस्टमध्ये मार्क पडले नव्हते आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. उदगीरकडून आलेलं, पहिल्यांदाच घर सोडलेलं सतरा वर्षांचं लेकरू ते.

त्याच आठवड्यात डोकं ठणकतंय म्हणून दवाखान्यात गेले, तर बीपी १५८/९८ निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं, चालायला सांगितलं आणि थोडा योग करा म्हणाले. गोळी मनाने बंद करायची नाही, हेही बजावलं. गोळी, मीठ, चालणं यांचं बसलं. योगात मात्र मी वर्षभर चाचपडले. उलट्या क्रमाने सुरुवात केली, दोनदा सोडून दिलं. मी योगशिक्षिका नाही. पण ज्यांना सकाळचा मोकळा तास मिळतच नाही, अशा माणसाने हे कसं सुरू करायचं, एवढं मला आता नीट माहीत आहे.

१. आसनाआधी तपासणी

पहिल्यांदा मी गल्लीतल्या काकूंच्या नादाने एका सकाळच्या वर्गाला गेले. पहिल्याच दिवशी जोरजोरात कपालभाती, म्हणजे पोट आत मारत झटक्याने श्वास सोडणं. पन्नासेक झटके झाले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मला बीपी आहे का, हे तिथे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. चूक दोन्हीकडची होती, पण घेरी मला आली.

वर्गाला जाणार असाल तर एका पिशवीत एवढं घ्या आणि शिकवणाऱ्याला दाखवा:

- महिन्याभरातले बीपीचे आकडे आणि साखरेचा रिपोर्ट
- चालू गोळ्यांची चिठ्ठी
- सिझेरियन, हर्निया, मणका, मोतीबिंदू, काचबिंदू, जे काही झालं असेल त्याचा कागद
- गरोदर असाल तर तपासणीची फाईल, आणि डॉक्टरांनी हो म्हटलेलं असावं

बीपी, हृदयविकार, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर जलद कपालभाती, भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) आणि श्वास कोंडून धरणं नको. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं नकोत, म्हणजे शीर्षासन, सर्वांगासन वगैरे. गुडघे झिजलेले असतील तर वज्रासन (गुडघे मुडपून टाचांवर बसणं) ओढूनताणून करू नका, खुर्चीवर बसा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर उपाशीपोटी तासभर व्यायामाच्या भानगडीत पडू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि कुणी म्हणालं, "महिन्यात गोळ्या सुटतील," तर तो वर्ग सोडा.

२. सामान

घरात आहे तेवढ्यात भागतं. शहाबादी फरशीवर सतरंजी सरकते, म्हणून खाली घोंगडी टाका, ती धरून राहते. एक मोकळी भिंत, एक लाकडी किंवा लोखंडी पक्की खुर्ची (प्लास्टिकची पाय फाकवते), दोन उशा आणि एक वही. महागडी मॅट आणि नवे कपडे आणून सुरुवात करणारे बरेच जण मी पाहिलेत. पंधरवड्यात त्या मॅटवर पापड वाळत घातलेले असतात.

३. वेळ शोधू नका, असलेल्या कामाला बांधा

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही आहे, म्हणून इथे जरा थांबते.

जो तो सांगतो, पहाटे उठून तासभर करा. माझी पहाट माझी नाहीच, ती पंचेचाळीस जणांच्या नाश्त्याची आहे. मी साडेतीनला उठून पाहिलं. आठ दिवस टिकलं, नवव्या दिवशी चिडचिड दुप्पट झाली. झोप मोडून केलेला योग अंगी लागत नाही.

मग एके दिवशी दुधाच्या पातेल्यापाशी उभी होते. सहा लिटर दूध तापायला बराच वेळ लागतो आणि तोवर तिथून हलता येत नाही. रोज त्या वेळात मी मोबाईल बघायची, नाहीतर कांदा चिरायला घ्यायची आणि दूध उतू जायचं. त्या दिवशी ठरवलं, आता फक्त दूध बघायचं. दोन्ही टाचांवर सारखा भार, गुडघे ताठ न आवळता, खांदे कानांपासून खाली. आधी कडेला बारीक बुडबुडे येतात. मग वर पातळ साय धरते, तिला सुरकुत्या पडतात, मधूनच ती थरथरते, आणि शेवटी सगळं एकदम वर येतं. बघता बघता मन कुठे कुठे जातं: गॅसची टाकी संपत आली, अमक्याचे पैसे आले नाहीत. गेलं की रागावायचं नाही, पुन्हा सायीवर आणायचं. पाच मिनिटांत वीस वेळा जाईल. वीस वेळा आणा. हे आणणं हाच सराव आहे. लोक म्हणतात, मन एकाग्र होतच नाही, मग काय उपयोग? दंडाच्या व्यायामात वजन खाली येतं म्हणून कुणी तक्रार करतं का? खाली आल्याशिवाय वर उचलणार काय?

तुमच्या दिवसात असं पातेलं कुठे आहे ते शोधा. शेतात मोटार चालू केल्यावर पाणी दांडाला येईपर्यंतचा वेळ असतो. लाईट रात्रीची असेल तर डोळे उघडे ठेवून, बॅटरी हातात घेऊन, पाण्याचा आवाज ऐकत उभे राहा; रानात अंधारात डोळे मिटायचे नाहीत. फाट्यावर एसटीची वाट बघणं, बँकेतला नंबर, शाळेचा परिपाठ सुरू व्हायच्या आधीची दोन मिनिटं, लेकराला मांडीवर झोपवणं. एकच निवडा आणि पंधरा दिवस तेच ठेवा. तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत, नाहीतर पिशवीत खाली.

आसनं मात्र जेवणानंतर तीन-चार तासांनी. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचं भान ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा आसनं सकाळी सातच्या आत उरका. उन्हातून आल्या आल्या सतरंजीवर पडू नका. आधी पाणी प्या, पंधरा मिनिटं सावलीत बसा.

४. श्वास: सोडायला शिका

दोन बोटं मनगटाच्या नाडीवर ठेवा आणि सावकाश श्वास घ्या, सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात, बऱ्याच जणांना ते बोटांना कळतं. म्हणून घाबरल्यावर, चिडल्यावर सोडायचा श्वास लांबवायचा. "मोठा श्वास घे" असं आपण सांगतो, पण छाती भरून भरभर श्वास घेत राहिलं तर उलट हात-ओठ मुंग्यांनी भरतात.

कृती सोपी आहे. नाकाने चार आकडे मोजेपर्यंत घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. मध्ये कोंडू नका. एक फेरी दहा सेकंदांची, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण बसल्याजागी मिनिटाला बारा ते वीस घेतो. सुरुवातीला चार-सहा जमलं नाही तर तीन-चार करा. रोज तीन मिनिटं. पोटावर हात ठेवला तर घेताना पोट पुढे यायला हवं; बऱ्याच बायका वर्षानुवर्षं पोट आत ओढून उभ्या असतात, त्यांना हे पहिले आठ दिवस उलटंच वाटतं.

माझ्या बाबतीत याचा खरा उपयोग नळाशी झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना हंड्यांच्या रांगा आठवत असतील. तेव्हापासून नळाला पाणी आल्याचा आवाज झाला की माझी छाती धडधडायची, हातातलं टाकून पळायची मी, अगदी टाकी भरलेली असली तरी. आता आवाज आला की आधी एक लांब श्वास सोडते आणि मग चालत जाते. पाणी तेवढंच भरतं.

भ्रामरीही याच जातीची आहे. ओठ मिटून, दात थोडे सुटे ठेवून, श्वास सोडताना "म्‌" गुणगुणायचं. घुमल्यामुळे श्वास आपोआप लांबतो, मोजायची गरज पडत नाही. लेकरांना हीच आवडते. पाच-सात वेळा पुरे. मे महिन्यात शीतली करा: जिभेची नळी करून तिच्यातून गार हवा घ्यायची, तोंड मिटून नाकाने सोडायची. धुळीत, सर्दी-खोकल्यात, दम्यात करू नका.

५. आसनं: तुमचं काम कुठे दुखवतं ते बघून

पुस्तकाच्या क्रमाने जाऊ नका. तुमचं शरीर दिवसभर कुठल्या बाजूला वाकतं, त्याच्या उलट बाजूला ते थोडं न्या.

*पोळ्या लाटणं, भाकरी थापणं, शिलाई, संगणक:* खांदे पुढे येतात, मान आखडते. ताडासन करा. पाय थोडे सुटे, बोटं एकमेकांत गुंतवून तळवे वर, श्वास घेत हात उचला, सोडत खाली आणा. टाचा पहिले पंधरा दिवस जमिनीवरच असू द्या. पाच वेळा. नंतर भिंतीला पाठ, डोकं, कोपरं टेकवून हात वर सरकवा. मनगटं गोल फिरवा.

*खुरपणी, कापूस वेचणी, ऊसतोड, धुणीभांडी:* कंबर सतत पुढे वाकलेली असते. मार्जारासन याला औषधासारखं आहे. हात-गुडघ्यांवर या, श्वास घेत पाठ खाली आणि नजर समोर, सोडत पाठ वर कमानीसारखी आणि हनुवटी आत. आठ-दहा वेळा, अगदी हळू. मग पालथं पडून भुजंगासन, पण बेंबी जमिनीला टेकलेली आणि छाती चार बोटंच वर. हर्निया किंवा पोटाचं ताजं ऑपरेशन असेल तर ते वगळा.

*दिवसभर उभं राहणं:* जमिनीवर उताणं पडून दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, गुडघे काटकोनात. दहा मिनिटं. मेसची दुपारची पंगत उठली की मी हेच करते. पायांचं जडपण उतरतंच, पण कंबरही जमिनीला टेकते.

शेवटी सगळ्यांनी शवासन, म्हणजे उताणं सैल पडून राहणं, पाच मिनिटं. घाईत हेच पहिलं गळतं. वेळ नसेल तर एक आसन कमी करा, शवासन ठेवा.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची व्याख्या तीन शब्दांत आहे, स्थिरसुखमासनम्. स्थिर आणि सुखाचं. थरथरत, दात आवळून, शेजारीण किती वाकते ते बघत केलेलं आसन या व्याख्येत बसत नाही. ताण जाणवला तर ठीक. टोचलं, कळ गेली किंवा पायात मुंग्या उतरल्या तर लगेच थांबा.

६. शेंगदाण्याची परीक्षा

आज ज्याला माइंडफुलनेस (चालू क्षणाकडे जाणीवपूर्वक लक्ष देणं) म्हणतात त्याचा अभ्यासक्रम अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी सुरू केला, जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. त्यांच्याकडे पहिला धडा एका मनुक्याचा असतो. आपण शेंगदाणा घेऊ, हुरड्याच्या दिवसांत ज्वारीचा कोवळा दाणा घ्या.

एकच दाणा तळहातावर ठेवा. साल कुठे सुटलंय, कुठे भाजल्याचा डाग आहे ते बघा. वास घ्या. दातांखाली न चावता जिभेवर धरा. मग एकदा चावा, थांबा, चव कुठून पसरते बघा. एका दाण्याला दोन मिनिटं लागली पाहिजेत. मग रोजच्या जेवणातला पहिला घास असाच खा, बाकीचं जेवण नेहमीसारखं. सगळं जेवण असं करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी सोडाल.

भाकरी थापताना मी हे रोज करते. पिठाचा गरमपणा, काठवटीवरचा थपथप आवाज, कडा फाटायला लागली की बोटाला आधी कळणं. पहिल्या पाच भाकरी लक्ष देऊन, पुढच्या पन्नास गप्पा मारत.

७. राग: चार पावलं

१. थांबा. हातातली वस्तू खाली ठेवा, विशेषतः उलथनं.
२. पायांचे तळवे जमिनीला कुठे टेकलेत ते जाणवू द्या.
३. एक श्वास लांब सोडा, मग आणखी एक.
४. मग बोला, किंवा म्हणा, "थांब, मी पाच मिनिटांत सांगते."

घरात दुसरं पाऊलच सगळ्यात उपयोगी पडतं. राग डोक्यात चढतो तेव्हा पाय आठवत नाहीत.

फोनलाही हेच लावा. रात्री साडेनऊला आईबापांचे फोन येतात: "काकू, पोरगी जेवली का? रडत तर नाही?" पूर्वी मी दमलेल्या आवाजात "हो हो जेवली" म्हणायची. आता दोन रिंग वाजू देते, श्वास सोडते, मग उचलते. ऐकणाराही त्यामुळे सावकाश बोलतो.

इथे एक सापळा आहे. शांत राहणं म्हणजे अन्याय गिळणं, असं बायकांना फार लवकर शिकवलं जातं. सासर मारहाण करत असेल, मालक मजुरी बुडवत असेल, तर श्वास मोजत बसायचं नाही. ते थांबवायला मदत मागायची. चार पावलं स्पष्ट बोलता यावं म्हणून आहेत.

आणि तोंडातून गेलंच तर? माफी मागा. त्या मुलाच्या रूमवर मी चौथ्या दिवशी डबा घेऊन गेले होते. "माझं चुकलं रे बाळा," एवढंच म्हटलं. त्याने डब्यातली भाकरी माझ्यासमोर खाल्ली.

८. झोप

मोबाईल अंथरुणापासून हात पोचणार नाही इतका लांब. उताणं किंवा कुशीवर पडा. लक्ष उजव्या पायाच्या अंगठ्यापासून सावकाश वर आणा: घोटा, पोटरी, गुडघा, मांडी, मग डावा पाय, पोट, हात, खांदे, जबडा. जिथे आवळलेलं असेल तिथे श्वास सोडताना सैल करा. मी बहुतेक वेळा पोटापर्यंत पोचतच नाही. महिनाभर करूनही झोप लागत नसेल तर डॉक्टरांना सांगा.

९. खंड पडला तर

पडणारच. पेरणी, लग्नसराई, येळवस (आमच्याकडचा वेळा अमावास्येचा सण), घरातलं आजारपण. येळवशीच्या आदल्या दिवशी भज्जी-आंबिलीची तयारी करताना कुणाला आसनं सुचतात? मोडलेले दिवस मोजू नका. पुन्हा सुरू करताना आसनांपासून नको, एका दुधाच्या पातेल्यापासून करा आणि चार दिवसांनी बाकीचं जोडा.

वहीत रोज एक ओळ लिहा: काय केलं, झोप कशी, चिडले का. बीपी मोजलं तर आकडा. डॉक्टरांकडे जाताना ही वही न्या. माझी गोळी दीड वर्षांनी अर्धी झाली, ती डॉक्टरांनी आकडे बघून केली.

शिकायला शिक्षक हवाच असेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) चौकशी करा, बऱ्याच केंद्रांवर योगाचे वर्ग होतात. २१ जूनच्या योग दिनाला जो पाठ घेतात तो आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा सामान्य योगक्रम, नवख्याला झेपणारा आहे. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना (ध्यानाच्या) शिबिरात जवळजवळ शेवटपर्यंत मौन असतं. ते चांगलं आहे, पण पहिली पायरी म्हणून जाऊ नका.

१०. डोळे मिटू नयेत अशी माणसं

आमच्या एक पाहुण्या किल्लारीजवळच्या गावातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला, त्यात त्यांचं माळवदाचं घर बसलं आणि घरातली माणसं गेली. मी उत्साहाने त्यांना पहाटे, अंधारात, डोळे मिटून श्वासावर बसवलं. दोन मिनिटांत त्यांचा घसा आवळला, अंगाला दरदरून घाम. मला माझ्या अडाणीपणाचं फार वाईट वाटलं. मोठा आघात सोसलेल्या माणसाला डोळे मिटून आत बघणं जड जाऊ शकतं. त्यांच्यासाठी उजेडात, डोळे उघडे, पाय जमिनीवर, दार दिसेल असं बसणं बरं. त्या आता अंगणात तुळशीला पाणी घालताना पानं मोजतात, तेवढंच त्यांना मानवतं.

आणि काही ठिकाणी हे सगळं कमी पडतं. दोन आठवडे सतत उदास, जेवण-झोप गेलेली, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं बोलणं, सावकाराच्या किंवा बँकेच्या कर्जापायी गप्प गप्प राहणं, परीक्षेनंतर वस्तू वाटून टाकणं. अशा वेळी आसन शिकवू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. माणूस स्वतः लावणार नाही, म्हणून तुम्ही लावा, फोन त्याच्या हातात द्या आणि बोलणं होईपर्यंत शेजारी बसून राहा. रात्री एकटं सोडू नका, औषधं-कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि सकाळी सोबत दवाखान्यात जा. आमच्या मेसमध्ये हा नंबर पाण्याच्या माठावर मोठ्या अक्षरात लिहून लावला आहे, कारण तिथे प्रत्येक लेकरू दिवसातून एकदा तरी येतंच.